नळी लावून गाऱ्हाणं

कान! नाक नाही, छाती नाही, कान दुखायचा हो माझा! सगळे येतात, खुर्चीवर बसतात, तोंड पाडून विचारतात, "गणपतराव, आता श्वास कसा आहे?" अहो, श्वास भरपूर आहे, ती मशीन बघा, कोपऱ्यात चोवीस तास गुरगुरतेय, तिच्यात श्वासच श्वास… पण ही नळी नाकातून निघते, गालावरून जाते, कानामागे अडकते आणि तिथे जी कापायची, जी कापायची… त्या कानाचं कोणी विचारलं नाही! अहो… अहो, पाय. पाय उचला तेवढा. नळीवर आहे तुमचा. हां… आला. आला श्वास.

तर तुम्हाला सांगतो, पन्नास फूट नळी आहे ही. मोरीपर्यंत जाते, गॅलरीच्या कठड्यापर्यंत जाते आणि जिन्याच्या पहिल्या पायरीला संपते. म्हणजे मीही तिथेच संपतो. सत्तर वर्षं काढली या चिंचपोकळीत, आता माझी चिंचपोकळी पन्नास फुटांची. आणि डॉक्टर, पोरगाच आहे तो, माझ्या राजेशपेक्षा लहान, मला विचारतो, "आजोबा, सिगारेट किती ओढायचात?" म्हटलं, साहेब, आयुष्यात विडी लावली नाही तोंडाला. कापूस ओढला. कार्डिंग खात्यात, कापूस पिंजतात तिथे, गिरणी बंद पडेपर्यंत, आठ-आठ तास. तर तो म्हणतो, "असू दे, आता दिवसातून सोळा तास नळी लावायचीच." आपण काय म्हणणार? व्हय म्हाराजा!

तुम्ही घाटावरचे की काय? नाही, हसलात म्हणून विचारलं. अहो, आमच्या कोकणात कुठलंही शुभकार्य असलं की घरातला मोठा माणूस देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. देवाला सांगायचं, बाबा रे, असं असं आहे, सांभाळून घे. तो एकेक वाक्य बोलतो, आणि जमलेली सगळी माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" म्हणजे आमचा सगळ्यांचा होकार. जे बोललं गेलं त्याला सगळ्यांचा होकार मिळाला की ते देवाकडे पोचलं. परत घेता येत नाही. या चाळीत चाळीस वर्षं गाऱ्हाणं मी घालतोय. राजेशच्या लग्नाला मी, त्याची पोरगी झाली तेव्हा बारशाला मी. माझा आवाज तळमजल्यावरून चौथ्या मजल्यापर्यंत जायचा. आता इथून मोरीत जात नाही.

आणि ती बारशातली पोरगी, अपेक्षा, ती एक दिवस येऊन इथे, तुम्ही बसलात तिथेच बसली आणि म्हणाली, "आजोबा, माझा साखरपुडा ठरला. गाऱ्हाणं तुम्हीच घालायचं." मी काय म्हणणार? म्हटलं, घालतो. पण नळी लावून नाही हां! तर ती म्हणाली, "मग दुसरं काहीतरी शोधू." आणि तिथून सुरू झालं ते सगळं.

परळला तो हितेंद्र आहे, मेडिकलच्या सामानाचं दुकान, राजेशचा दोस्त. तो आला पिशवी घेऊन. "काका, टेन्शन नको घेऊ, एकदम कडक आयटम आणलाय." काढला मास्क. घातला मी. आत मी बोलतोय, बोलतोय, घाम फुटला, चष्म्यावर वाफ, आणि माझी बायको कमल समोर उभी राहून म्हणते, "काय ता लिवन देवा!" असं गाऱ्हाणं घालू? लिहून? बरं, डॉक्टरला फोन लावला तर तो ओरडला, "आजोबा, तुम्ही दोन लिटरवाले! एवढ्या कमी हवेला मास्क चालत नाही, सोडलेलाच श्वास परत आत घ्याल." काढला मास्क. व्हय म्हाराजा!

मग हितेंद्रनं चष्मा मागवला. चष्म्याच्या दांड्या पोकळ, त्यातून हवा येते, मागून नळी पाठीवर सोडायची, समोरून कोणाला काही कळत नाही. किंमत विचारू नका, मलाही सांगितली नाही. घातला. आरशात बघितलं. काय सांगू तुम्हाला, बँकेचा मॅनेजर! कमलला म्हटलं बघ, बघ… आणि खाली वाकलो चप्पल बघायला, तर चष्मा घसरून ओठावर. नाकात काही नाही, सगळी हवा मिशीला! मिशी एकदम तरतरीत, आणि मी भिंतीला धरून उभा.

मग आणखी एक आला. कानाला काही नाही, नाकाला काही नाही, डोक्याला पट्टा, पट्ट्याला दांडी, दांडीच्या टोकाला वाटी, ती तोंडासमोर, तिच्यातून हवा. अपेक्षा हसून हसून लोळली. "आजोबा, ऑर्केस्ट्रात लागलात का?" पण बरं वाटत होतं हो! खरंच बरं वाटत होतं. फक्त पंखा लावला की वाटीतली हवा माझ्याकडे येईना, बोटाला लावतात ना ते यंत्र, त्याच्यावरचा आकडा खाली, खाली… आणि पंखा बंद केला तर मे महिन्यात आमच्या खोलीत घामानं जीव जातो. म्हणजे श्वासानं जायचं की घामानं, तेवढं ठरवा! डॉक्टर म्हणाला, "मग एकच राहिलं, गळ्याला बारीक छिद्र पाडून तिथून थेट…" त्याचं वाक्य कमलनं पुरं होऊ दिलं नाही. "नरड्याक भोक? आणि कोकमाची कढी खयसून जातली?" विषय संपला.

त्यात नाक कोरडं पडून रक्त यायला लागलं, तर हिनं मायेनं खोबरेल लावलं. आमच्याकडे काहीही झालं तर खोबरेलच, पायाला तेच, केसाला तेच, नाकाला तेच. हितेंद्रनं बघितलं आणि उडालाच. "अरे चाची, ऑक्सिजनजवळ तेल नही लगानेका! आग पकडता है! वो पाणीवाला जेल लगाव!" बिचारीनं बाटली उचलून कपाटात ठेवली. मग संध्याकाळी तिनं आपली जुनी सुती साडी काढली, हिंदमाताहून घेतलेली, धुऊन धुऊन मऊ पडलेली, ती फाडली आणि बारीक बारीक दोन गवसण्या शिवल्या. कानामागे नळी जिथे कापते तिथे चढवल्या. आणि म्हणाली, "ही हनुवटीखाली कशाक घेतास? मागसून घेवा." नळीचं ते टोक हनुवटीखालून काढून डोक्यामागे नेलं, वर टोपी. झालं! एवढंच होतं हो! कान दुखायचा थांबला. ज्या कापसानं छाती खाल्ली तोच कापूस आता कानाला लावून बसलो होतो.

आणि मग अपेक्षा म्हणाली, "चला, सुटलं! आता नळी लावूनच घाला गाऱ्हाणं." आणि मी म्हटलं, नाही.

तेव्हा मला कळलं. कान दुखत होता, खोटं नाही, पण मी रडत होतो ते कानासाठी नव्हे. मला लाज वाटत होती. सरळ सांगतो, लाज वाटत होती. मुलाकडची, फणसवाडीतली माणसं येणार, शिकलेली, पोरगा अर्णव कुठेतरी मोठ्या हुद्द्यावर, आणि आमच्या घरातला मोठा माणूस म्हणून काय उभं राहणार? नाकात नळी घातलेला म्हातारा? आणि हे मला शोभत नाही हो, कारण मी रघुला बघितलंय. रघु माझा जोडीदार, बाजूच्या मशीनवर उभा असायचा, त्याची पण छाती अशीच गेली. त्याच्याकडे कोणी आलं की तो नळी काढून उशीखाली घालायचा. एकदा पाहुणे जरा जास्त वेळ बसले. त्यांना वाटलं रघुला डुलकी लागली… त्यांनी चहा संपवला, कप ठेवले, मग हाक मारली.

मला भीती वाटते. रात्रंदिवस वाटते. आणि तरी मी म्हटलं, नाही लावणार. आता काय म्हणायचं या माणसाला?

कारण पण छान शोधलं मी! देवासमोर समई. समईजवळ ऑक्सिजन नेता येत नाही, सगळ्यांना माहीत आहे. म्हटलं, मग काय समई लांब ठेवणार? देवाला अंधारात ठेवणार? सगळ्यांनी मानलं. साखरपुड्याच्या दिवशी राजेश सिलिंडर घेऊन मला खुर्चीत बसवून खाली मंडळाच्या हॉलमध्ये घेऊन गेला. सिलिंडर आणि नळी कमलकडे, मागे, भिंतीशी. आणि मी पुढे, टोपी, कोट, नाक मोकळं. मॅनेजर!

आता ऐका काय झालं ते. फणसवाडीच्या मंडळींना गाऱ्हाणं माहीत नाही. अर्णवची आई पद्मजाताई, फार सज्जन बाई, राजेशला विचारते, "अहो, आम्हालाही म्हणायचंय हं तुमच्याबरोबर. पण नेमकं कधी म्हणायचं?" आणि आमचे चिरंजीव सांगतात, "सोपं आहे, बाबा थांबले की म्हणायचं." बाबा थांबले की! अरे, बाबा कशाला थांबतात ते तरी सांगायचंस!

नारळ हातात घेतला. सुरू केलं. "बा देवा रवळनाथा, तुझी लेकरां आज हय जमली आसत रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" हॉल दणाणला. काय बरं वाटलं म्हणून सांगू! "आमच्या अपेक्षाचो आज साखरपुडो आसा रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आता मी चढलो. लांब वाक्य घेतलं, पूर्वीसारखं. "हिच्या संसारात रोगराई, भांडणतंटो, इडापिडा…"

श्वास संपला.

पुढे "येवक देव नको" म्हणायचंय हो! तोंड उघडं, हवा नाही. मी थांबलो. आणि फणसवाडीची सगळी मंडळी, प्रामाणिक माणसं, सांगितल्याप्रमाणे, हात जोडून, "व्हय म्हाराजा!" आणि एकदा तीस जण ओरडले की आमची चाळ मागे राहते की काय? "व्हय म्हाराजा!"

मी हादरलो. घाईनं दुरुस्त करायला गेलो. "तसा न्हय रे म्हाराजा! ह्या झिलान हिका सोडून…" पुढे "एक घास गिळूक नये" म्हणायचंय. छाती बंद. "व्हय म्हाराजा!" पद्मजाताईंचा आवाज सगळ्यांत मोठा. पोराची आई स्वतः होकार देते की माझ्या मुलानं हिला सोडून… कोणीतरी हसलं. मी नाही हसलो. हसण्यासारखं नव्हतं ते. चाळीस वर्षांत माझं एक गाऱ्हाणं चुकलं नव्हतं, आणि माझ्या नातीच्याच संसारावर मी सगळ्या हॉलकडून हे कबूल करून घेतलं! डोळ्यासमोर काळं यायला लागलं. आणि मला रघु दिसला, खोटं नाही सांगत.

आणि अपेक्षा उठली. नेसलेली, नटलेली, पाटावरून उठली. पेटती समई दोन्ही हातांनी उचलली, सगळ्यांच्या मधून चालत हॉलच्या बाहेर उंबऱ्यापलीकडे नेऊन ठेवली. मग आजीच्या हातातली नळी घेतली, राजेश मागून सिलिंडर ओढतोय, माझ्याजवळ आली, माझी टोपी काढली, नळी नाकात घातली, आजीच्या त्या गवसण्या कानामागे नीट बसवल्या, टोपी परत घातली. दीडशे माणसांसमोर! आणि म्हणाली, "आता परत घाला, आजोबा. छोटी छोटी वाक्यं घ्या. आणि चांगलं ते आधी बोला."

चांगलं ते आधी बोला! चाळीस वर्षांत मला सुचलं नाही हो! घातलं मग. "सुखी ठेव रे." "व्हय म्हाराजा!" श्वास. "दोघांका सांभाळ रे." "व्हय म्हाराजा!" श्वास. "मगाशी बोललंय ता ऐकू नको रे!" फणसवाडी सगळ्यांत जोरात, "व्हय म्हाराजा!" मी रडलो. नळीत पाणी गेलं, कमल ओरडली.

परवा रिपोर्ट दाखवायला डॉक्टरकडे गेलो. त्यानं कागद बघितले, माझ्या कानामागची गवसणी बघितली, हसला, आणि म्हणाला, "आजोबा, आता ही नळी कायमची…" आणि त्याचा फोन वाजला. तो थांबला. आणि माझ्या तोंडातून, चाळीस वर्षांची सवय हो, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं निघून गेलं, "व्हय म्हाराजा!"

आता त्याला पुढे काय म्हणायचं होतं, काढू की राहू दे, ते विचारायला धीर झाला नाही. विचारून तरी काय? होकार देऊन बसलोय, परत घेता येत नाही. तर तुम्हाला सांगतो, नळी आता कायमची… आणि मी आहे तोवर तरी…

अहो, बघता काय माझ्याकडे? थांबलोय मी. म्हणा!