ताईची बंदूक

नाही हो, बाकी काहीही घ्या, बंदूकवाला मात्र नको. जादूगार घ्या, तिरंदाज घ्या, तलवार घेऊन आडदांडपणा करायचाय तर तो करा — पण बंदूक आमच्या टेबलावर नाही. का म्हणजे? सांगतो ना, बसा आधी. तिथं नको, तिथं ताई बसते, माझी थोरली बहीण — ही खुर्ची घ्या, हिचा एक पाय आखूड आहे, मागे रेलू नका म्हणजे झालं. बाकीचे येतीलच एवढ्यात. शनिवारी दुपारी खालचं रंगाचं दुकान बंद असतं, मी तिथंच रंग कालवायला असतो, मालकांनी ही वरची खोली खेळायला दिलीय. वास येतो थोडा. होईल सवय. तुम्ही कधी खेळलायत का असलं? नुसतं वाचलंय? बरं. मग थोडक्यात असं, की गोष्ट मी सांगतो, प्रत्येकजण आपापलं पात्र चालवतो, आणि जे करू म्हणतो ते जमलं की नाही ते हा वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर जमलं. आणि हा पुठ्ठ्याचा आडोसा माझ्यापुढे, कारण राक्षसांचे फासे मी ह्याच्या मागे टाकतो — ते कुणी बघायचे नसतात. माझ्यावर विश्वास ठेवायचा असतो.

तर बंदूक. बघा, आमचं जग तलवारींचं आहे, किल्ले, चिलखतं, जंगलं. त्यात एकाच्या हातात बंदूक आली की सगळं बिनसतं. चिलखत घालून उभा असलेला सरदार, त्याला तलवारवाला अर्धा तास ठोकत बसणार, आणि हा लांबून ठो करून मोकळा. मग प्रश्न येतो की दारू आहे तर तोफा का नाहीत, राजाच्या फौजेला कुणी बंदुका का दिल्या नाहीत — आणि ह्याची उत्तरं कुणी द्यायची? मी. आवाज किती होतो, भरायला किती वेळ लागतो, पावसात दारू भिजते का, हे सगळं ठरवायचं कुणी? तेही मीच. आता तुम्ही म्हणाल, जादूगार हातातून आग काढतो त्याचं काय — म्हणणारच होतात ना, तोंडावर दिसतंय तुमच्या. आमचे दंतवैद्य जादूगार होतात, दर वेळी अख्खं गाव पेटवतात, त्यांना मी कधी विचारलं नाही की आग आली कुठून. आणि लांब्या — तो आमचा तिरंदाज, खालच्या गल्लीत कुलुपं दुरुस्त करतो — तो एका दमात तीन बाण सोडतो, तेही मला चालतं. खरं बोलायचं तर तीन बाण म्हणजे एका गोळीहून जास्तच. हिशेब केलाय मी. म्हणजे बंदूक तशी... तशी काही भारी नाही पडत. आवाज तेवढा मोठा.

नाही, होता ना आमच्याकडे एक. म्हणजे होती. ताईच. तिला मीच आणली होती इथं — घरी तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आठवडाभर ही चष्म्याच्या दुकानात काचा घासते आणि घरी आली की त्यांचं करते. शनिवारी दुपारी शेजारीण बसते त्यांच्यापाशी, म्हणून तेवढी ही मोकळी. म्हटलं ये, जरा चार माणसांत बसशील. तिनं पात्र काय करावं — एक ठेंगणी म्हातारी, आणि तिच्याहून उंच तिची बंदूक. सारखी बार उडवते म्हणून लांब्यानं नाव ठेवलं बारमावशी. ताई फासा टाकताना एक डोळा मिटायची, अगदी नेम धरल्यासारखा, आणि टाकून झाला तरी थोडा वेळ मिटलेलाच ठेवायची. आम्ही हसायचो. तीही हसायची. तिला तशी हसताना मी फार दिवसांनी बघत होतो, खोटं कशाला बोलू.

मग तो ड्रॅगन. तो मी केला होता — मातीचा, एवढा, खालच्या उरलेल्या रंगांनी रंगवलेला, एकेक खवला वेगळा. कित्येक रविवार घातले. त्याचं भाषण लिहिलं होतं, आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. हसा, हसण्यासारखंच आहे. तो गुहेतून बाहेर आला, मी घसा साफ केला, आणि पहिली पाळी ताईची. एक डोळा मिटला, फासा टाकला — वीस. डोळ्यात गोळी. संपला. तोंडातून शब्द नाही निघाला त्याच्या. लांब्यानं ताईला खुर्चीसकट उचललं, दंतवैद्य हसून हसून डोळे पुसतायत, आणि मीही टाळ्या वाजवल्या — सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या. पण पोटात दुखलं. एवढा घोडा झालोय मी, सख्ख्या बहिणीनं एक मातीचं खेळणं पाडलं म्हणून पोटात दुखलं. मला बोलतानाही कसंतरी होतंय.

मग नियम आले. पुढच्या शनिवारी मी म्हटलं, बंदूक भरायला तीन पाळ्या लागतील. ताई म्हणाली बरं. मग दारू दमट झाली, मग आवाजानं पहारेकरी येऊ लागले, मग बंदूक फुटण्याचा नियम — आधी फाशावर एक पडला तर, मग तीनपर्यंत काहीही पडलं तर, मग पाचपर्यंत. आणि तो फासा तिनं नाही टाकायचा, मी टाकायचा, आडोशामागे, म्हटलं आधी कळलं तर मजा जाते. समतोल म्हणायचो मी ह्याला. टेबलाचा समतोल. प्रत्येक वेळी ती एकच म्हणायची, तू म्हणशील तसं. आणि त्या भरायच्या पाळ्यांत करायचं काय तिनं? चहा ओतायची सगळ्यांना. पेन्सिलींना टोक काढून ठेवायची. चार माणसांत बसायला आणली आणि इथंही तिला सेवेलाच लावली मी. लांब्या एकदा म्हणाला की अरे तिला खेळू दे की, तर त्याला मी नियमांचं पुस्तक दाखवलं — त्यात हा नियम नाहीच, पण तो कुठला वाचतोय.

तुम्हाला हे कशाला सांगतोय मी? तुम्ही विचारलंत बंदूकवाला चालतो का. हां. तर गेल्या शनिवारी. पुलावर सगळे अडकलेले, ताईची बंदूक एकदाची भरून झालेली, सगळे तिच्याकडे बघतायत. मी आडोशामागे फासा टाकला. सतरा. पाचच्या वर काहीही पडलं तर गोळी सुटणार होती, सतरा पडले. आणि मी म्हटलं, फुटली. हात गेला बारमावशीचा. असं सहज, शांतपणे, चेहरा पाडून वगैरे — मला वाईट वाटतंय असा. आणि मान वर केली तर ताई खुर्चीत नव्हती. दंतवैद्यांचे कागद उडत होते म्हणून पंखा कमी करायला उठली होती. पंख्याचं बटण ते बघा, माझ्या पाठीमागे आहे. ती तिथं उभी होती, फासा माझ्यासमोर, सतरा वर.

मला वाटलं आता सगळ्यांसमोर काढते माझी, काढायलाच हवी होती. ती आपल्या जागेवर जाऊन बसली, खोडरबर घेतला, कागदावरची बंदूक खोडली आणि म्हणाली, “फुटली तर फुटली. होतं असं.” लांब्याला वाईट वाटलं तर त्याचीच समजूत घातली तिनं. लहानपणी पत्त्यांत मी हरलो की रुसून ताटावरून उठायचो, म्हणून ती मुद्दाम हरायची, मला माहीत होतं तेव्हाही. तेव्हा मी पोर होतो. आता केस पिकलेत आणि अजून रडीचाच डाव, आणि ती अजून सांभाळून घेतेय. आठवडाभर तिला फोन करायचं धाडस नाही झालं. आज आली ना, की सगळ्यांसमोर सांगणार आहे. फासा सतरा होता म्हणून. एवढंच वाक्य आहे, घोकून ठेवलंय. बंदूक परत द्यायची, हात परत, माझे सगळे नियम रद्द. मेल्याहून मेल्यासारखं होईल, होऊ दे. आली तर. नाही आली तर —

थांबा हं, तिचाच फोन. — हं, ताई. — हो, वरच आहे. — कोपऱ्यावर आलीस? — नाही, बोल ना. — काय? — अगं पण कशाला — हं. — हं. — नाही, तसं नाही काही, मी — हो. चांगलंय की. चांगलंच आहे. — बरं. ये.

वैद्य होतेय. नवं पात्र लिहिलंय म्हणे तिनं, सासूबाईंच्या उशाशी बसून. बंदूक नको म्हणाली, मागे राहीन, तुमच्या जखमा बांधत जाईन. म्हणाली, “म्हणजे तुला सारखे नियम करत बसायला नको. दमतोस रे तू.”

काय? नाही. नाही सांगितलं. ऐकलंत ना तुम्ही, चांगलंय म्हणालो. फोनवर नसतं सांगायचं असलं. आता येईलच ती, आली की — तुम्ही असे बघू नका माझ्याकडे. एक करा, तुम्ही आज जा. तुमचं काही चुकलं नाही हो, पण तुम्हाला सगळं माहीत आहे, तुम्ही समोर बसलात तर माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही. पिशवी राहिली तुमची, घ्या. जिन्यात भेटली तर बोलत बसू नका — आली वाटतं.

ये, ताई. — हे? हे निघालेत. पत्ता चुकून वर आले होते.