डोळे उघडे ठेवून

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते पाळकसाहेब आणि पाळकीणबाई, आणि मंडळीतील बंधुभगिनींनो, प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

मी चष्मे बनवतो. भाषण हा माझा प्रांत नाही. पण आमच्या घरातून कोणीतरी उभं राहायला हवं होतं, आणि जिला खरं तर बोलायचं आहे ती माझी मुलगी हातांनी बोलते. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तुम्ही सगळे तिला कोतवाल म्हणता, कारण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. उपदेश चालू असताना कोणाला डुलकी लागली, हे आमच्याकडे दुपारच्या जेवणाला कळतं. अध्यक्ष महोदयांनी काळजी करू नये, मी नावं घेणार नाही.

पूर्वी उपदेश मीच तिला खुणांनी सांगत असे. माझा सारांश ठरलेला होता: देव चांगला, आपण बरे नाही, नीट बस. पाळकसाहेबांच्या ते लक्षात आलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, की मी याहून थोडं जास्त बोललो होतो. मग रविवारी दुपारी ते स्वतःच दुकानात येऊ लागले. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून तिच्याकडून खुणा शिकू लागले. त्यांचा अंगठा हट्टी. ती तो धरून जागेवर बसवायची.

पुढे लहानपणीच्या बाप्तिस्म्याला स्वतः होकार द्यायचं वय झालं, तशी ती दृढीकरणाच्या वर्गात गेली. रविवारी आपण म्हणतो त्या मतांगीकारातलं शरीराचं पुनरुत्थान शिकवताना पाळकसाहेब म्हणाले, की शेवटच्या दिवशी मेलेले उठतील तेव्हा बहिरे ऐकतील. त्यांना वाटलं, मुलगी खूश होईल. तिने विचारलं, मग माझी भाषा कुठे जाईल?

घरी तिच्या आईने समजावलं, की अगं, तिथे तुला आमचे आवाज ऐकू येतील. तर म्हणते, तुम्हाला तिथे खुणा शिकवणार आहेत की नाही?

प्रभूच्या नावाची खूण तुम्हाला ठाऊक असेल. एका हाताचं बोट दुसऱ्या तळव्याला लावायचं. क्रुसावरच्या खिळ्याचा वण. कोतवालने ती खूण केली आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "हा मेलेल्यातून उठला तेव्हा वण तसेच होते. देवाला बुजवता आले नसते का? मग माझं काय बुजवायचं, ते तुम्ही कसं ठरवलंत?"

उत्तर मिळेपर्यंत दृढीकरण नको, असं तिने सांगून टाकलं. आपल्याकडे दृढीकरणाशिवाय प्रभुभोजनाची भाकर नाही, द्राक्षरस नाही. बरोबरीची मुलं मेजाशी जाणार आणि ही मागच्या बाकावर एकटी बसणार. तिच्या आईने जेवण सोडलं नाही, पण जेवणातलं लक्ष उडालं.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब इथेच उभे राहून म्हणाले, "मागे मी फार ठामपणे बोललो. पुनरुत्थान आहे, हा माझा विश्वास आहे. त्या शरीरात आपलं काय काय राहील, मला माहीत नाही. वण राहिले, एवढं शुभवर्तमानात आहे."

आपले सचिव, ज्यांना मंडळीची घटना सदैव काखेत असल्यामुळे आपण प्रेमाने घटनाकाका म्हणतो, त्यांनी मला दारात गाठलं. म्हणाले, पाळकालाच माहीत नसेल, तर आपण विचारायचं कोणाला? प्रश्न खोटा नव्हता. मी अजून त्यावर विचार करतो. माझ्या धंद्यात मी भिंग बदलून विचारतो, आता बरं दिसतंय की मघाशी? काही जण फटकन उत्तर देतात. एखादा थांबतो आणि म्हणतो, नक्की सांगता येत नाही. तो खरोखर पाहत असतो.

कोतवाल एवढंच म्हणाली, माहीत नाही म्हणाले ना, आता येते.

पण दुसरी अडचण निघाली. दृढीकरणाला पाळक दोन्ही हात डोक्यावर ठेवतात आणि सगळे डोळे मिटतात. ती म्हणाली, म्हणजे माझ्याविषयी देवाशी बोलणार, आणि इतक्या लोकांत फक्त मलाच कळणार नाही? घटनाकाकांनी कलम दाखवलं: दोन्ही हात. पाळकसाहेब म्हणाले, दोन्ही ठेवतो, मग एक काढतो. काकांनी पानं उलटून पाहिली. काढू नये, असं कुठे लिहिलेलं सापडलं नाही.

त्या दिवशी तुम्ही सर्वांनी डोळे मिटले होते, म्हणून हे तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला नुसती शांतता ऐकू आली. काहींना वाटलं, पाळकसाहेब प्रार्थना विसरले. मी बाप, मी पाहत होतो. त्यांचा डावा हात तिच्या डोक्यावर होता. उजव्या हाताने ते एकेक खूण करत होते. अंगठ्यासकट सगळं ठीक चाललं होतं. मग प्रभूचं नाव आलं आणि हात थांबला. त्या खुणेला दोन हात लागतात, आणि दुसरा तर तिच्या डोक्यावर.

कोतवालने आपला हात वर केला आणि तळवा त्यांच्यापुढे धरला. पाळकसाहेबांनी त्या तळव्याला बोट लावलं.

पाळकसाहेब, तुमच्या नव्या मंडळीत कोणी अवघड प्रश्न विचारला, तर आमच्याकडून सलाम सांगा. पाळकीणबाई, पाळकसाहेब आमच्या दुकानात बसले आणि तुमचे जे रविवार गेले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर पदरात घ्या.

समारोपाची प्रार्थना कोतवाल करणार आहे. तेव्हा विनंती एकच, कृपा करून डोळे उघडे ठेवा. घटनाकाका, तुम्हीसुद्धा.