लीमन टटलचे अकरा सामने

आदरणीय महापौर महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आमचे उत्सवमूर्ती लीमन टटल, त्यांच्या पत्नी ड्रुसिलाबाई आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकलेल्या ॲशबर्नकरांनो,

वजनमाप निरीक्षक म्हणून तीस वर्षं काढून टटलसाहेब आज निवृत्त होताहेत. त्या कामाबद्दल महापौर बोललेच. गावातल्या किराणावाल्यांनी आज सर्वांत जोरात टाळ्या का वाजवल्या, ते मी विचारणार नाही!

मी बोलणार आहे त्यांच्या आधीच्या नोकरीबद्दल. १८७९ साली लीमन आमच्या संघात पगारी बेसबॉल खेळाडू होता. अकरा सामने खेळला. कॅप्टन मीच, हायरम पेल्टन. तेव्हा हातमोजे नव्हते, उघड्या हातांनी झेल घ्यायचा. माझी ही तीन वाकडी बोटं साक्षीला आहेत.

पुढचं तुम्हाला पाठ आहे. परगावी अजिंक्यपदाचा सामना, शेवटचा डाव, आपण एका धावेनं पुढे, त्यांचे दोन गडी धावायला टपलेले, आणि लीमनच्या हातून झेल सुटला. म्हणून तो 'लोणीहात्या', हाताला लोणी लावल्यासारखा चेंडू निसटू देणारा! दुकानात लोण्याचं वजन तपासायला गेला, तरी पोरं मागून तेच ओरडायची. खरं की नाही?

मंडळी, तसं झालंच नव्हतं.

त्यानं सूर मारून चेंडू घेतला, पण टप्पा पडल्यावर. टप्प्यावर घेतला तर फलंदाज बाद नाही. अंपायर एकटा आणि लांब, मध्ये प्रेक्षक घुसलेले. त्याला काही दिसेना. अशा वेळी खेळाडूलाच विचारायची तेव्हा पद्धत होती. आणि खेळाडूनं बेधडक खोटं बोलायची, हीसुद्धा पद्धतच. मी स्वतः नऊदा बोललो आहे. पाद्रीसाहेब, तुम्ही ऐकलं नाहीत असं समजा.

अंपायरनं विचारलं, "काय हो टटल, टप्पा पडला होता?"

"हो साहेब. पडला होता."

दोन धावा झाल्या, अजिंक्यपद गेलं. संध्याकाळीच मी त्याला संघातून काढलं. वर वार्ताहराला सांगितलं, झेल सुटला म्हणून. खरं बोलण्याबद्दल माणूस काढला, हे कुठल्या तोंडानं सांगणार होतो? ते टोपणनाव माझंच. मला त्याची लाज वाटते.

काल मी त्याला विचारलं, "अरे, इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

म्हणाला, "मला विचारलं कोणी? अंपायरनं विचारलं, त्याला सांगितलं."

तर आज सगळ्यांसमोर विचारतो. लीमन, तुझ्या हातून चेंडू सुटला होता का रे?

"नाही. आणि हायरम, आता बस. रस्सा गार होतोय."

ऐकलंत ना? पोरांनाही घरी जाऊन सांगा.

महापौरांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, आभारी आहे. भाषणातल्या चुका आपण सर्वांनी पोटात घालाव्यात. तेहतीस वर्षांपूर्वीच्या त्या एका चुकीची माफी मात्र, लीमन, मी फक्त तुझ्याकडे मागतो.