बिस्किटी खोलीतला लाल पट्टा

विद्रूप? माझ्या पट्ट्याला विद्रूप म्हणता? अहो सजावटवाल्या बाई, दार आपटून गेलात तरी जिन्यात ऐकू येतंय ना? मग ऐका! पट्टा मी मारलाय, माझ्या हातानं मारलाय, अन् पुसायला कुणी पुढं आलं तर त्याच्या तोंडावर मारीन!

या, या, तुम्ही दोघं शेजारी ना? आरडाओरडा ऐकून आलात, आता दारात कशाला उभे? बसा... अहो, लाल पट्टा दिसतोय ना, त्याच्या आत बसा! आत सोफा आहे, बाहेर जमीन. रंग वाळलाय. बहुतेक.

तुम्हाला सांगतो, मी कुणाला भीत नाही. मारक्या बैलाला भ्यालो नाही, उशाशी साप निघाला तरी भ्यालो नाही. पण ही खोली! पोरगा म्हणाला, "आबा, गावाकडं दोघंच कशाला राहता, या आमच्याकडं." आलो. दार उघडलं तर भिंत बिस्किटाच्या रंगाची, पडदा बिस्किटाचा, सोफा, गालिचा, फरशी, दिव्याची टोपी, सगळं बिस्किट! मला वाटलं धूळ बसलीय, मी फडकं मागितलं. सून म्हणते, "आबा, हा न्यूट्रल रंग आहे." न्यूट्रल? न्यूट्रलवर आम्ही ट्रॅक्टर उभा करतो बाई, त्यात राहतं का कुणी?

पुढं सुनेलाच ती खोली फिकी वाटायला लागली. लागणारच की! मग खोलीत जान आणायला ही सजावटवाली बोलावली. ती नाकातून बोलणार, "काकाऽ, रंग नको हं, रंग ओरडतात. आपण नुसत्या वस्तूंनी मजा आणू." अन् काय आणलं? लोकरीची उशी, गोणपाटाची उशी, विणलेली उशी, केसाळ उशी... अन् सगळ्या बिस्किटाच्या! एका उंच भांड्यात वाळक्या काटक्या, आम्ही चुलीत घालतो तसल्या. अन् एक आरसा, जमिनीपासून छतापर्यंत. मी सकाळी आत आलो तर समोर एक म्हातारा डोळे वटारून उभा. म्हटलं, "काय पाहिजे?" बोलेना. मी हात उगारला, तर त्यानंही उगारला! भ्यालो नाही हं मी. दचकलो. दचकणं वेगळं.

आता मात्र हसू नका. आमच्या हिनं चहाचा कप टेबलावर ठेवला अन् कप गेला खाली. टेबल वीतभर पलीकडं होतं. सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सोफ्यावर बसायला गेली ती धपकन जमिनीवर. सून धावली, "आई, चक्कर आली का?" तर ही म्हणते, "नाही गं, फरशी गार लागते, मुद्दाम बसले." अन् तासभर तिथंच बसून राहिली हो!

गावाकडच्या घरात निळी भिंत, काळं दार, हिरवा कोनाडा, अन् चाळीस वर्षांची पायाखालची वाट. तिथं कुणाला कळणार? इथं कळलं. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं, तीन बोटं समोर धरली. "किती?"

"दुसरा उद्योग नाही का तुम्हाला?"

"किती ते सांग!"

"चार... तुमचा हात हलतोय, नीट धरा की."

बोटं तीनच होती हो. मी ती खाली घेतली.

मग म्हणाली, "पोरांना सांगाल तर बघा. डॉक्टरकडं नेतील, तो म्हणेल उशीर झाला. मग काय करायचं? अहो, तुमच्या खांद्यावरचा लाल टॉवेल दिसतो मला. तो दिसतोय तोवर कशाला काळजी करता?"

लाल दिसतो! झालं, मला हुरूप आला. आज पोरगा-सून कामाला गेल्यावर रंगाचं दुकान गाठलं, म्हटलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागच्या फळीवर मारतात तो लाल द्या, लांबून दिसला पाहिजे. सोफ्याच्या कडेला मारला, टेबलाच्या काठाला, पायरीला, चौकटीला. आरशाला तर चारही बाजूंनी कोंडलं. शेतात पाइपासाठी चर खणायच्या आधी दोरी लावून चुन्याची फक्की मारतात ना, तशी इथून बाथरूमपर्यंत सरळ रेघ! अन् ही चालली हो... भिंतीला हात न लावता गेली, परत आली, सोफ्यावर बरोबर बसली. म्हटलं, बाईनं आणली नाही ती जान मी आणली खोलीत!

तेवढ्यात ही म्हणते, "बरं केलंत. काळा पट्टा उठून दिसतो."

काळा.

म्हटलं, "अगं, अन् माझा टॉवेल?" तर खाली बघून म्हणाली, "तुम्ही रोज लालच घेता की."

तेव्हाच ती सजावटवाली आत आली, म्हणाली, "काकाऽ, किती विद्रूप!" अन् मी ओरडलो. कुणावर तरी ओरडायलाच पाहिजे होतं. तिचं काही चुकलं नव्हतं हो, तिचं नशीब फुटकं की ती त्या वेळी आली.

भीत नाही मी, तुम्हाला सांगतो. पण ही बघा, चपला घालून दारात बसलीय. म्हणते, "चला, काय सांगायचं ते सांगू दे डॉक्टरला." दवाखाना चौकातच आहे. तुम्ही आल्यापासून मी घराची किल्ली शोधतोय. किल्ली खिशात आहे.

बघत काय बसलात? उठा! एकानं तिचा हात धरा.

अन् एकानं माझा.