दुसऱ्याच खाटेचे आकडे

नाही नाही वहिनी, चष्म्याचं काही नाही — डोळ्यांच्या डॉक्टरकडे कशाला जाताय? सुईत दोरा अजून या घरात तुम्हीच ओवता — बसा, बसा जरा. दादा कामावरून यायला वेळ आहे. आणि तुम्ही विचारलंत ते बरोबरच. वॉर्डातल्या मॉनिटरचा प्रोग्राम लिहिणारा दीर घरात असताना दुसऱ्या कुणाला विचारायचं? फक्त इतक्या हळू आवाजात नका हो विचारू — "भावजी, त्या दिवशी आजोबांचे आकडे मीच चुकीचे वाचले असतील का?" — जणू तुम्हीच काही चोरलंय.

सांगतो. सोपं आहे. म्हणजे सोपं नाही, पण सांगतो. प्रोग्राममध्ये एकाच वेळी दोन कामं चालू असतात, आम्ही त्यांना थ्रेड म्हणतो — एक थ्रेड पेशंटची नाडी, ऑक्सिजन घेऊन मेमरीत ठेवतो, दुसरा तिथून उचलून तुमच्या टेबलावरच्या पडद्यावर दाखवतो. ठेवायला जागा मागून घ्यायची — जिथून मिळते त्याला हीप म्हणतात — आणि काम झालं की परत करायची. आता जागा एक, वापरणारे दोघं, मग परत करायची कुणी? — शेवटी जो सोडेल त्यानं. म्हणून जागेपाशी एक आकडा ठेवायचा, किती जण वापरताहेत त्याचा. आलात की एक वाढवा, निघालात की एक कमी करा, शून्य झालं की जागा मोकळी. झालं! यात काय बिघडणार? — बिघडतं ते असं, की दोघांनी नेमका एकाच क्षणी आकडा बदलायला घेतला तर एकाची मोजणी पुसली जाते. मग पडदा अजून वाचत असतानाच आकडा शून्य, जागा मोकळी, आणि तीच जागा दुसऱ्या पेशंटला. पडदा बिचारा जुन्याच पत्त्यावर बघत बसलेला, आत बिऱ्हाड बदललंय हे त्याला कोण सांगणार? नाव खिडकीजवळच्या आजोबांचं, आणि आकडे दारापाशी झोपलेल्या त्या मुलीचे — अगदी ठणठणीत.

काय? दारापाशी मुलगी होती हे मला — तुम्हीच नाही का सांगितलंत? नाही? मग दादानं — नाही, दादाला तरी कुठे माहीत. बरं. बघितलं मी. मशीन आमच्या ऑफिसात तपासायला आलं होतं ना, तेव्हा त्यातल्या नोंदींत. ...हो, हॉस्पिटलनं तुमची चौकशी लावली त्याच्या आधी. आधीच, वहिनी.

थांबा, उठू नका. ती मोजणी सांभाळायची तयार सोय असते, एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याला आकड्याला हात लावू देत नाही. सगळे तीच वापरतात. मी म्हटलं, छे, ती हळू चालते, मी हातानं लिहितो. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी म्हणाली, "नको रे, एक दिवस अंगाशी येईल" — तर चारचौघांत तिची चेष्टा केली मी. आणि वाचवला किती वेळ? पापणी लवेपर्यंत हजारदा मावेल, एवढा! त्या हुशारीवर बढती मिळाली, केक तुम्ही केला होतात. मग चौकशीत मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, प्रोग्राममध्ये दोष आहे का? तुम्ही समोर, युनिफॉर्ममध्ये, हात मांडीवर. मी म्हणालो, "प्रोग्राम ठीक आहे. बघणाऱ्याची गफलत होऊ शकते." बघणाऱ्याची! तुमचं नाव घेतलं नाही, तेवढंच नातं राखलं असं वाटलं मला तेव्हा — म्हणजे बघा, काय लायकीचा माणूस.

तिकडे आजोबांचा श्वास बुडत होता आणि पडदा म्हणत होता सगळं छान. तुम्ही फेरीला गेलात, त्यांचे निळे ओठ पाहिलेत, म्हणून ते आज — बोलणं अडखळतं, पण आहेत. आणि तुम्हाला काय मिळालं? वॉर्डातून तळघरात बदली, धुतलेल्या चादरींच्या घड्या घालायला. आता रोज सकाळी तुम्ही कॅलेंडरवरची बारीक अक्षरं एकेक डोळा झाकून वाचून बघता. मला दिसतं ना, आंघोळीला जाताना. दिसतं, आणि मी टॉवेल खांद्यावर टाकून पुढे जातो.

शिव्या द्या. हव्या तेवढ्या द्या.

तुम्ही आत जा, वहिनी. मी फोन लावतो मोठ्या डॉक्टरांना. लावतो म्हटलं ना — जा, तुमच्यासमोर शब्द फुटायचा नाही माझ्या तोंडून. जा.

नाही — नाही, थांबा. आत जाऊ नका. तुमची पाठ वळली की मी फोन खाली ठेवीन, मी ओळखतो मला. इथंच बसा, या खुर्चीवर, माझ्यासमोर.

लागला. — हॅलो, डॉक्टर? मी... मॉनिटरवाला बोलतोय. हो, चौकशीला आलो होतो तो. नाही, मशीनचं नाही. वहिनींनी — तुमच्या त्या सिस्टरनी — आकडे बरोबर वाचले होते.