कोचला काढायला गेलो तेव्हा

हसू नका, पण आमच्या कोचला घालवायला मीच सगळ्यात पुढे होतो. इथे दोहात लेकीच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम सलग सात मॅच हरली, तेव्हा आम्ही चार बाप तावातावाने वसईकर कोच डिसोझा सरांपुढे उभे राहिलो.

मी ठणकावलं, "सर, खलास! राजीनामा द्या."

"देतो," सर शांतपणे म्हणाले. "पण प्रॅक्टिसनंतर तुमच्या चौघी लेकींना मीच माझ्या गाडीने पार अल वक्राला घरी सोडतो. उद्यापासून कोण सोडणार?"

फुटबॉल वर्ल्ड कपसाठी दोहाभर रस्ते खणलेले. जाऊन-येऊन दोन तास! आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

मी घसा साफ केला. "सर, टीम घडायला वेळ लागतोच. रस्ते होईपर्यंत तुम्हाला कोण काढतो तेच बघतो मी!"