टाकीवरचं पाणी

(नेवाडाचं वाळवंट, जूनची सकाळ. व्हर्लिन म्हाताऱ्याच्या अंगणात त्याच्या लेकीचा ट्रक उभा आहे. मागे तिची कुत्री सेज बसली आहे.)

व्हर्लिन : दोनच बाटल्या? अगं, तुला एकटीला पुरायच्या नाहीत.

डार्ला : सेजला टाकीवर पाजीन की. तुम्हीच सांगत आलात ना बाबा, कुत्र्याचं पाणी वाहायचं नसतं, गुरांची टाकी असते म्हणून.

व्हर्लिन : आज नको जाऊस.

डार्ला : आज पिंटोला जाऊन वर्ष झालं. टाकीजवळ पुरलंत त्याला, तिथं चार दगड रचून येते. पिंटोसारखा या कुत्रीलाही साप डसेल अशी भीती असेल तर हिला लस टोचलीय, वर शिकवणीही लावली. सापाची खुळखुळ ऐकली की शेपूट घालून पळते. त्याचं झालं ते हिचं नाही व्हायचं.

व्हर्लिन : टाकी कोरडी असेल.

डार्ला : तुम्हाला काय ठाऊक? वर्षभर तिकडे फिरकला नाहीत.

व्हर्लिन : मे सरला की गुरं डोंगरावर चढवतात. गुरं गेली की पंप बंद. तीस वर्षं मीच तो बंद करत होतो.

डार्ला : मग गेल्या जूनमध्ये पिंटो पाणी प्याला कसा?

व्हर्लिन : नाही प्याला.

डार्ला : फोनवर म्हणालात, पाणी पिऊन परतताना साप डसला.

व्हर्लिन : साप नव्हता गं.

डार्ला : बाबा.

व्हर्लिन : काम सुटलं, तशा तारखाही डोक्यातून गेल्या. टाकीच्या तळाशी नुसतं वाळलेलं शेवाळ. आणि ट्रक चार मैल मागे.

डार्ला : तुमच्याजवळ बाटली होती.

व्हर्लिन : जाताना मी संपवली. म्हटलं, त्याचं पाणी पुढे आहेच.

डार्ला : वर्षभर मी सापांना शिव्या घालतेय. आणि तुम्ही समोर बसून मान डोलावत होतात. लाज नाही वाटली?

व्हर्लिन : रोज वाटली. बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं पिल्लू तुझं. तुला तोंड कसं दाखवू, म्हणून सापावर ढकललं. पण आज तू त्याच टाकीच्या भरवशावर निघालीस. गप्प कसा बसू?

डार्ला : कुठं पुरलंत त्याला? खरं सांगा.

व्हर्लिन : टाकीजवळ नाही. खांद्यावर घेऊन निघालो होतो. दोन मैलांवर त्यानं मान टाकली. तिथंच.

डार्ला : मागचे मोठे कॅन भरा. सगळे. आणि बसा गाडीत, जागा दाखवायला.

व्हर्लिन : मला नेतेस?

डार्ला : राग गेलेला नाही माझा. बसा. उभा जन्म कुत्र्यांत गेला तुमचा बाबा, त्याला ऊन सोसत नाहीये हे आधी कसं कळलं नाही?

व्हर्लिन : एरवी अर्धा मैल पुढे पळणारा तो. त्या दिवशी माझ्या सावलीत, पायाला चिकटून चालत होता. मला वाटलं, लाडात आलाय.